यार्डात ठेवलेला हात

तपासनीस : दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटं. तीन नंबरच्या क्रेनचा हूक साडेतीन मीटर खाली आला. हुकाला चार टनांचा पत्र्यांचा गठ्ठा होता. खाली तुमचा भाऊ उभा होता. एवढं नक्की आहे. बाकीचं मला विचारायचंय.

बहीण : बाकीचं डॉक्टरांना विचारा. मी मघापासून विचारतेय, मला कोणी दाद देत नाही. तुमच्या गळ्यात ओळखपत्र आहे, तुम्हाला सांगतील.

तपासनीस : विचारून आले. चार वाजता ऑपरेशनला घेतलंय. बरगड्या आणि उजवा खांदा. डोक्याबद्दल अजून काही बोलत नाहीत.

बहीण : बोलत नाहीत म्हणजे काय?

तपासनीस : म्हणजे बोलत नाहीत. मला माहीत नसलेलं मी सांगत नाही, ताई. बसा ना.

बहीण : उभीच बरी. तुम्ही कुठून आलात म्हणालात?

तपासनीस : यार्ड सुरक्षा कार्यालय. मी तपासनीस. जबाब त्याच दिवशी घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी माणसं शहाणी झालेली असतात.

बहीण : माझा कसला जबाब? मी पडदे शिवते. यार्डाच्या फाटकाआत माझं पाऊल पडलं ते एकदाच, नवऱ्याच्या डोक्यात क्रेन चालवायची चकती बसवायची होती तेव्हा कागदावर सही करायला.

तपासनीस : त्यांच्याबद्दलच विचारायचंय. दोन एकोणीसला ते कुठे होते?

बहीण : आलं लक्षात. यंत्र चुकलं की आधी क्रेनवाल्याची मान धरायची, ही तुमच्या ऑफिसची रीतच आहे. आज नाही धरता येणार. ते घरी होते.

तपासनीस : सविस्तर सांगा.

बहीण : सांगते, लिहून घ्या. एकला शिफ्ट सुटली. दीडला दारात. बूट काढले ते नेहमीसारखे उंबऱ्यातच, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं आपटावं. मी म्हटलं, हे कोणी उचलायचे, तर म्हणाले क्रेन बोलाव. आंघोळ केली. जेवायला बसले. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवलेली असते, ती निसटली होती, ती परत बसवली. मग जेवले. मी समोर मशीनवर. एका हॉटेलच्या सत्तावीस खिडक्यांचे पडदे उद्या द्यायचेत, त्यामुळे मला हलायला फुरसत नव्हती. जेवण झालं, मी ताट उचलून ठेवलं आणि परत मशीनवर बसले. ते तिथेच खुर्चीत. दोन वीसला माझ्या फोनचा गजर होतो, लेकीला शाळेतून आणायचा. तो वाजला तेव्हा ते माझ्या समोर होते. जेवायला बसल्यापासून गजर होईपर्यंत एक क्षण नजरेआड झाले नाहीत. शेजारच्या काकूंना विचारा, दार उघडंच होतं.

तपासनीस : एक क्षण नजरेआड झाले नाहीत. लिहिलं.

बहीण : आमच्या घरापासून यार्ड सव्वादोन किलोमीटर आहे. तेही लिहा. एवढा लांब हात काही अजून कोणाला आलेला नाही.

तपासनीस : ताई, तुम्ही बसा.

बहीण : का?

तपासनीस : हा कागद बघा. हूक खाली घ्यायचा हुकूम ज्या चकतीतून आला, तिचा नंबर हा आहे. आणि हा तुमच्या सहीचा कागद. यावरचा नंबर वाचा.

बहीण : ...हे छापताना चुकलंय.

तपासनीस : तीनदा तपासलं.

बहीण : मग चौथ्यांदा तपासा. ते घरी होते. मी आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, जेवले, खुर्चीत बसले, गजर झाला—

तपासनीस : त्यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. त्या वेळी त्यांच्या समोर तुम्हीच होतात.

बहीण : थांबा. जरा थांबा. मला त्या बाकावर बसू द्या.

तपासनीस : पाणी?

बहीण : नको. सांगा. मला समजेल असं सांगा.

तपासनीस : 'हात ठेवून जाणं' हे घरी कधी बोलले का ते?

बहीण : बोलतात की. हसत हसत. आज हात ठेवून आलो, आज मिशीचा हात होता. मला वाटायचं काहीतरी आपसातलं असेल. पुरुषांच्या चहाच्या गप्पा.

तपासनीस : शिफ्ट संपली की क्रेनवाल्यानं यंत्रातून आपली चकती सोडवायची असते. मग पुढच्यानं आपली जोडायची. जोडायला बारा मिनिटं लागतात, आणि ती चहाच्या सुट्टीतून जातात. म्हणून यांनी आपसात एक सोय काढली. आधीचा सोडतच नाही. पुढचा त्याच जोडणीवर आपला हात चढवतो, दोन मिनिटांत काम सुरू. यंत्रात दोन हात राहतात. वरच्याचं ऐकलं जातं. वरचा अगदी गप्प झाला, तर खालच्याचं.

बहीण : आणि खालचा ह्यांचा.

तपासनीस : आज एकपासून. वरचा पुढच्या शिफ्टच्या मिशीवाल्यांचा. दोन एकोणीसला तुमचे भाऊ गठ्ठ्याची साखळी तपासत होते, काम थांबलं होतं. मिशीवाले जांभई देत होते, असं तेच सांगतात. चार सेकंद त्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं.

बहीण : पण घरातून? इतक्या लांबून?

तपासनीस : चकती फोनशी बोलते. घरी बसून बॅटरी तपासता यावी म्हणून कंपनीनं तशी सोय दिली. फोन यार्डाशी बोलतो. हुकमांसाठी ते दार बंद होतं असा सगळ्यांचा समज होता.

बहीण : मग ती क्रेन रोज नाचायला हवी होती की. घरी आल्यावर ते काय पुतळ्यासारखे बसतात? परवा छताची जळमटं काढली. लेकीला झोका दिला.

तपासनीस : त्यानं नाही होत. चकतीला आपले दोन हात कळतच नाहीत. यांना सहा महिने शिकवून मनात एक वेगळा हात तयार केलेला असतो, हुकाचा हात. चकती फक्त तो ओळखते.

बहीण : तिसरा हात. माहितीये. मी सगळ्यांना सांगत फिरायचे, देवानं माणसाला दोन हात दिले ते घरात भांडं उचलायला मिळेनात, कंपनीनं तिसरा दिला तो यार्डातच ठेवून येतो. लोक हसायचे.

तपासनीस : तो हात आपोआप उचलला जात नाही, ताई. हुकाचाच विचार करावा लागतो. दोन एकोणीसला ते काय करत होते?

बहीण : जेवत होते.

तपासनीस : ताट उचलून ठेवलं होतं म्हणालात.

बहीण : मग बसले होते.

तपासनीस : नुसते?

बहीण : नुसते. माणूस नुसता बसत नाही का कधी?

तपासनीस : काही बोलत होते?

बहीण : मशीन चालू असलं की मला ऐकू येत नाही.

(क्रेनचालक येतो. डावी बाही वर सारलेली, कोपराच्या खळगीत कापूस दाबून धरलेला.)

क्रेनचालक : एकच बाटली घेतली. म्हटलं दोन घ्या, माझ्यात भरपूर आहे, तर ती बाई म्हणते हे काय दुकान आहे का. काही कळलं ढब्बूचं?

बहीण : अजून आतच आहे.

क्रेनचालक : निघेल तो. हडकुळा आहे, पण चिवट. लहानपणी गोल होता म्हणून ढब्बू नाव पडलं, मॅडम, आता बघाल तर नुसती काठी. काठी मोडत नाही, वाकते. तुम्ही यार्डाकडून आलात ना? मिशीला धरा. त्याला शंभरदा सांगितलंय, जांभई आली की हूक ब्रेकवर टाक. कपाळावर लिहून ठेव म्हटलं. ऐकतो कुठे.

बहीण : अहो.

क्रेनचालक : काय अहो? माणूस आत पडलाय. आज मी मिशीची बाजू घेणार नाही.

बहीण : अहो, जरा गप्प बसा.

तपासनीस : हुकूम मिशीवाल्यांचा नव्हता. हा नंबर तुमचा आहे ना?

क्रेनचालक : कुठला?... हो, माझा. हे काय आहे?

तपासनीस : दोन वाजून एकोणीस मिनिटांची नोंद.

क्रेनचालक : मी घरी होतो.

तपासनीस : माहितीये.

क्रेनचालक : मी घरी होतो, हिला विचारा. जेवलो, मग—

तपासनीस : मग?

क्रेनचालक : ...किती सेकंद, मॅडम? हूक किती सेकंद खाली येत होता?

तपासनीस : तीन पूर्णांक दोन.

क्रेनचालक : खाली साडेतीन मीटर. तीन सेकंदांत. म्हणजे सैल सोडलेला नाही. म्हणजे आणलेला आहे.

तपासनीस : तुम्ही बसा. रक्त दिलंय.

क्रेनचालक : असा वेग मिशीला जमत नाही. तो म्हाताऱ्या बाईनं दोरीवरचं धुणं काढावं तसा हूक काढतो. हा वेग माझा आहे.

बहीण : एक शब्द बोलू नका. ह्या लिहून घेतायत.

क्रेनचालक : आम्ही सगळेच हात ठेवून जातो, मॅडम. मी एकटा नाही. मनातली मूठ उघडा, मूठ मिटा, दहा वेळा, वीस वेळा, आणि शेवटी यंत्र म्हणतं पुन्हा करा. बारा मिनिटं जातात त्यात. चहाची सुट्टी पंधराची. राहिल्या तीन मिनिटांत माणसानं कप धुवायचा का प्यायचा?

तपासनीस : ते मी लिहिलंय.

क्रेनचालक : आणि सोडवलाय ना आता? माझा हात?

तपासनीस : नाही.

क्रेनचालक : नाही म्हणजे?

तपासनीस : क्रेनची वीज तोडलीये. पण यंत्रात तुमची चकती अजून जोडलेली दिसते. ती सोडवायला तुम्हीच तिथे लागता, आणि पुरावा म्हणून सध्या कोणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

क्रेनचालक : आत्ता? ह्या क्षणी तो तिथे आहे?

तपासनीस : हो.

क्रेनचालक : मग मी काय विचार करू?

तपासनीस : शक्यतो हुकाचा करू नका.

क्रेनचालक : तुम्ही असं म्हणालात की तोच येतो.

बहीण : हातावर काय बसताय? कापूस पडला बघा. रक्त येतंय. द्या इकडे, मी दाबते.

क्रेनचालक : तू काय सांगितलंस ह्यांना?

बहीण : नुसते बसले होते म्हटलं.

क्रेनचालक : नुसता नव्हतो बसलो.

बहीण : माझा भाऊ आत पडलाय आणि मी तुमच्यासाठी खोटं बोलतेय. तेवढं तरी फुकट घालवू नका.

क्रेनचालक : मी करून दाखवलं होतं, मॅडम. हिला.

तपासनीस : काय?

क्रेनचालक : मागच्या आठवड्यात कंट्रोल रूममध्ये बातमी आली, हात ठेवून जाण्याबद्दल कोणीतरी लेखी तक्रार केलीये. कोणी केली ते कळेना. आम्ही आठ क्रेनवाले, एकमेकांकडे चोरासारखं बघायला लागलो. मिशी म्हणाला चौकीदार. मी म्हटलं चौकीदाराला लिहिता येत नाही, कोणाकडून तरी लिहून घेतलं असेल. आज जेवताना कळलं, की ढब्बू. माझा मेहुणा. ज्याला मी शब्द टाकून सिग्नलमन म्हणून चिकटवला.

तपासनीस : कोणाकडून कळलं?

क्रेनचालक : कळलं.

तपासनीस : कोणाकडून?

बहीण : माझ्याकडून.

क्रेनचालक : तिला सोडा, मॅडम.

बहीण : लिहा. माझ्याकडून कळलं. ढब्बू मागच्या महिन्याच्या शेवटी घरी आला होता. हे तेव्हा शिफ्टवर होते. माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसाच, चिंध्यांचे गोळे करत. म्हणाला, ताई, रिकामा हूक माझ्या डोक्यावरून गेला. वरचा माणूस म्हणतो मी हलवलाच नाही. तिथे कोणीतरी दुसरं असतं, ताई, आम्हाला दिसत नाही असं. मी म्हटलं दाजींना सांग. तर म्हणाला, सांगितलं, दाजी हसले. म्हणाले, हूक तुला ओळखतो, चाटून गेला असेल.

क्रेनचालक : थट्टेनं म्हटलं होतं मी.

बहीण : हो, थट्टेनंच. मग त्यानं अर्ज लिहिला. माझ्याच टेबलावर बसून लिहिला, त्याच आखूड पायाच्या. शुद्धलेखन मी तपासून दिलं. जाताना तीनदा बजावलं त्यानं, दाजींना बोलू नकोस, त्यांना वाटेल मी त्यांच्याविरुद्ध आहे. मी नाही त्यांच्याविरुद्ध, मला फक्त टोपीवर काय येतं ते आधी कळायला हवं. मी त्याला शब्द दिला. पंधरा दिवस पाळलासुद्धा. आणि आज हे जेवताना त्या चौकीदाराला शिव्या द्यायला लागले, त्याची नोकरी घालवतो म्हणाले, त्याला चार मुलं आहेत. माझ्या तोंडून निघून गेलं. मला वाटलं घरातलाच माणूस आहे म्हटल्यावर निवळतील.

तपासनीस : तेव्हा किती वाजले होते?

बहीण : ताट उचलत होते मी. सव्वादोन असतील.

तपासनीस : मग?

क्रेनचालक : मग मी उकळलो. खोटं कशाला बोलू. म्हटलं, उद्या येऊ दे त्याला शिफ्टला. असा आणतो हूक त्याच्या डोक्यावर. टोपीला टेकवतो. आणि वर. पिवळी टोपी नुसती टिक वाजेल. पुन्हा अर्ज लिहायला पेन उचलणार नाही. असं म्हणताना माझा हा हात हवेत होता, तळवा खाली, आम्ही दाखवतो तसा. आणि आत तो. तो आलाच बरोबर. हुकाचं बोलायचं आणि तो गप्प ठेवायचा, हे मला जमत नाही, मॅडम. कोणालाच जमत नाही. गाणाऱ्याचा गाण्याबद्दल बोलताना मनात सूर लागतोच ना, तसं.

तपासनीस : ढब्बूच्या डोक्यावर. तुमच्या मनात जागा कुठली होती?

क्रेनचालक : तीन नंबरच्या खालची. तो तिथेच असतो.

तपासनीस : आणि हूक?

क्रेनचालक : रिकामा. मनात मी रिकामा हूक धरला होता. रिकामा हूक मी अंड्यावर टेकवून दाखवतो, कवच तडकत नाही, आख्खं यार्ड साक्ष देईल. भरलेल्या हुकाला थांबायला दीड मीटर लागतो. त्याला चार टन लावलेत हे मला घरी बसून कसं दिसणार? टेबलापलीकडे मला हीच दिसत होती आणि पडदे.

तपासनीस : म्हणजे तुम्हाला थांबवायचा होता.

क्रेनचालक : थांबवायचा म्हणजे? टेकवून वर घ्यायचा होता. आणि घेतला. मी हात वर घेतला.

तपासनीस : इथेच माझी अडचण आहे. नोंदीत शेवटच्या चार दशांश सेकंदात हूक वर ओढलेला दिसतो. तो तुम्ही ओढला असेल. किंवा गठ्ठा कशावर तरी आदळल्यावर ब्रेक आपोआप ओढतो, तो असेल. दोन्हींची खूण सारखीच उमटते.

क्रेनचालक : मी ओढला.

तपासनीस : तुम्ही ओढला असेल तर तो निष्काळजीपणा. धमकावणीचा विचार, घरात, सुटीच्या वेळेत. चौकशी होईल, चकती निघेल, नोकरी जाईल. ओढला नसेल, तर माणूस खाली आहे हे धरून हूक त्याच्यावर आणला आणि आणतच गेला. तो कागद माझ्याकडे राहत नाही, पोलिसांकडे जातो.

क्रेनचालक : माणूस खाली आहे हे मला... मी तर मनात...

तपासनीस : मनातच आहे सगळं. म्हणून विचारतेय.

क्रेनचालक : ही बघत होती. सांग ना ह्यांना. तळवा खाली आणला आणि असा उलटा करून वर घेतला. बघितलंस ना?

बहीण : मॅडम, त्याचा अर्ज तुमच्या ऑफिसला कधी पोहोचला?

क्रेनचालक : अगं ते काय विचारतेस आत्ता.

बहीण : कधी?

तपासनीस : तीन तारखेला. माझ्याच टेबलावर.

बहीण : आज बारा.

तपासनीस : हो.

बहीण : वाचलात?

तपासनीस : पाच तारखेला वाचला. चौथ्या क्रमांकावर होता, वरचे तीन निकाली निघाले नव्हते. पंधरा तारखेला यार्डात जायचं ठरवलं होतं. क्रमानंच घ्यायचे असतात.

बहीण : अक्षर चांगलं होतं ना त्याचं?

तपासनीस : चांगलं होतं. एकही चूक नव्हती.

बहीण : हे कुठल्या कागदावर येतं?

तपासनीस : पान दुसरं. मीच लिहिलंय. इथे येण्याआधी लिहिलं, नंतर लिहिता आलं नसतं.

क्रेनचालक : झालं तुमचं? मला एक सांगा, मी इथे बसून रक्त देऊन आलो. त्याच्या अंगात आत्ता माझं रक्त जात असेल. ज्याला मारायचं असतं तो असं करतो का?

तपासनीस : रक्त आत्ता दिलंत. मी दोन एकोणीसचं विचारतेय.

क्रेनचालक : तुमचं काळीज घड्याळाचं आहे का हो?

तपासनीस : असेल. ताई, मी तुमचा जबाब वाचून दाखवते. "दोन वाजून एकोणीस मिनिटांनी माझा नवरा घरी, माझ्या समोर खुर्चीत बसलेला होता. तक्रार माझ्या भावानं केली हे मी त्याला सव्वादोनच्या सुमारास सांगितलं. तो रागावला. हुकाबद्दल बोलत त्यानं उजव्या हाताचा तळवा वरून खाली आणला." इथपर्यंत बरोबर?

बहीण : बरोबर.

तपासनीस : पुढची ओळ. "त्यानंतर त्यानं हात वर घेतला", किंवा "घेतला नाही".

क्रेनचालक : घेतला.

तपासनीस : तुमचा जबाब वेगळा घेईन. हा त्यांचा आहे.

क्रेनचालक : तिचं लक्ष मशीनवर असेल. सुईत दोरा ओवत होती. तुझं लक्ष नव्हतं का गं? मग तसं सांग. पाहिलं नाही म्हण. तेही चालेल. चालेल ना, मॅडम?

तपासनीस : त्या मघाशी म्हणाल्या, एक क्षण नजरेआड झाले नाहीत.

क्रेनचालक : ते माझ्या बाजूनं म्हणाली ती.

तपासनीस : हो. ताई?

बहीण : मशीन बंद केलं होतं मी. मला ऐकायचं होतं काय म्हणतात ते. चुकलं माझं सांगून, हे तोवर कळलं होतं मला.

तपासनीस : म्हणजे तुम्ही बघत होतात.

बहीण : बघत होते.

क्रेनचालक : मग सांग की. सोळा वर्षं झाली आपल्याला. मला ओळखतेस तू.

बहीण : ओळखते.

क्रेनचालक : मी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलाय. माझ्या सायकलवर शिकला तो. माझ्या हातून... सांग ना गं. एवढा वेळ कशाला लागतो? हो म्हणायला एवढा वेळ लागतो?

तपासनीस : त्यांच्यावर दबाव आणू नका.

क्रेनचालक : दबाव कसला, बायको आहे माझी.

बहीण : माझा हात सोडा जरा. दुखतंय.

क्रेनचालक : सोडला. हा बघ, सोडला.

तपासनीस : ती नर्स आली होती आत्ता काचेपाशी. विचारून येऊ?

बहीण : विचारा.

क्रेनचालक : ...अगं, त्या गेल्यात तोवर सांग. मला एकट्याला सांग. वर घेतला ना मी? मला आठवतंय मी घेतला. पण मघापासून मी तेच इतक्यांदा आठवतोय की आता मला... मला आठवतंय का मी आत्ताच करतोय, तेच कळेना. तू सांगितलंस तर कळेल.

बहीण : आता करू नका. तो हात अजून तिथे आहे म्हणाल्या त्या.

क्रेनचालक : नाही करत. बघ, हात मांडीखाली घेतले.

बहीण : हे दोन घेतलेत. तिसऱ्याचं काय करणार?

तपासनीस : डोकं उघडावं लागतंय, असं नर्स म्हणाल्या. आत सूज आहे. अजून दोन तास, कदाचित जास्त. घरच्यांनी इथेच थांबावं. शुद्धीवर आला होता का विचारलं, तर एकदाच, इथे आणताना.

बहीण : काही बोलला?

तपासनीस : वर कोण होतं, असं विचारलं म्हणे.

बहीण : कोणी काही उत्तर दिलं त्याला?

तपासनीस : त्यांना कोणाला माहीत नव्हतं. ताई, मला हे आज जमा करायचंय. शेवटची ओळ. हात वर घेतला, की नाही?

बहीण : ती ओळ कोरी ठेवा.

तपासनीस : तसं करता येत नाही. पाहिलं नाही, असं म्हणायचं असेल तर तसं लिहिते.

बहीण : पाहिलं. नीट पाहिलं.

तपासनीस : मग?

बहीण : त्याला दिलेला शब्द मी एकदा मोडलाय, मॅडम. त्याच्याबद्दलची गोष्ट त्याच्याआधी दुसऱ्याला सांगितली. आता नाही सांगणार. वर कोण होतं आणि काय करत होतं, हे आधी ढब्बूला सांगेन. मग तुम्हाला.

क्रेनचालक : आणि तो बाहेर आलाच नाही तर?

तपासनीस : सहा वाजून दोन मिनिटं. ओळ कोरी ठेवलीये. इथे सही करा, ताई. त्या ओळीच्या वर.